सोफा ते बूथ

दर चार वर्षांनी आपण अमेरिकेची निवडणूक एखाद्या सीरियलसारखी चवीने बघतो. पण तिथे मत द्यायला पोहोचतं कोण, मागे राहतं कोण आणि टीव्ही-मोबाइलचा त्यात हात किती? लाल-निळ्या नकाशामागची ही गोष्ट...

दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या एका बुधवारी आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये काम जरा स्लो चालतं. हिंजवडी असो, ऐरोली असो नाहीतर बीकेसी, मॉनिटरवर एका खिडकीत एक्सेल शीट आणि दुसऱ्या खिडकीत अमेरिकेचा लाल-निळा नकाशा! तिथली मंगळवारची रात्र म्हणजे आपली बुधवारची सकाळ. २०२४ मध्ये आपला पहिला चहा होईपर्यंत फ्लोरिडाचा निकाल आला होता आणि डबा उघडेपर्यंत पेनसिल्व्हेनियाचा. ज्यांना आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे सांगता येत नाही, त्यांना त्या दिवशी मिशिगनमधली मोजणी कुठवर आली हे तोंडपाठ असतं.

यात गैर काहीच नाही. शोच तसा असतो. डिबेट्स आहेत, ग्राफिक्स आहेत, भानगडी आहेत आणि क्लायमॅक्सला एक नकाशा आहे. पण कॅन्टीनमधल्या त्या तज्ज्ञ मंडळींना एकदा दोन साधे प्रश्न विचारून बघा. तिथे मत द्यायचा हक्क नक्की कुणाला आहे? आणि निकाल जाहीर कोण करतं? चहाचा कप हातातच राहतो!

मी मास कॉम करत असताना माध्यमांचा परिणाम शिकवायला सर उभे राहिले, की दर दुसरं उदाहरण अमेरिकन निवडणुकीचं असायचं. तेव्हापासून हा विषय डोक्यात घर करून बसलाय. जितकं वाचलं, तिकडच्या नातेवाइकांशी आणि मित्रांशी जितकं बोलले, तितकी एक गोष्ट पटत गेली. आपण बघतो ती लाल विरुद्ध निळा अशी फाइट. तिच्या आधी आणखी एक फाइट होऊन गेलेली असते... सोफा विरुद्ध बूथ!

आकडाच बघा ना. २०२४ मध्ये मतदानाला पात्र असलेल्यांपैकी साधारण ६४ टक्के लोकांनी मत दिलं. त्यांच्या हिशेबाने हे भरघोस मतदान. डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे ७ कोटी ७३ लाख मतं मिळाली आणि कमला हॅरिस यांना साधारण साडेसात कोटी. आणि घरी बसलेले? ते या दोघांच्याही मतदारांपेक्षा जास्त होते. म्हणजे सगळ्यात मोठा पक्ष सोफ्यावर बसलेल्यांचा!

निकाल लावणारा आयोग कुठाय?

आपल्याकडे निवडणूक म्हटलं की निवडणूक आयोग. तारखा त्याच्या, याद्या त्याच्या, निकालही त्याचाच. अमेरिकेत असा एकच एक मालक नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण तिचं काम प्रचारातल्या पैशांवर लक्ष ठेवण्याचं. निवडणूक घेतात पन्नास राज्यं, पन्नास प्रकारच्या नियमांनी. प्रत्यक्ष कामाला जुंपलेल्या असतात तीन हजारांहून जास्त काउंट्या.

मग त्या रात्री अमुक राज्य अमक्याला गेलं, असं सांगतं कोण? चॅनेल्स आणि असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था! एपी हे काम १८४८ पासून करत आहे. अधिकृत शिक्कामोर्तब पुढच्या काही आठवड्यांत होतं. डिसेंबरात इलेक्टर्स मतं देतात आणि ६ जानेवारीला काँग्रेस ती मोजते. पण जगाच्या दृष्टीने निकाल तोच, जो टीव्हीवर झळकला. थोडक्यात काय, मॅचची कॉमेंट्री करणाराच अंपायरसारखं बोट वर करतो.

त्यात गोंधळ झाला तर काय होतं, ते २००० साली ७ नोव्हेंबरच्या रात्री दिसलं. रात्री आठ वाजायच्या आतच चॅनेल्सनी फ्लोरिडा अल गोर यांना देऊन टाकलं. फ्लोरिडाचा पश्चिम भाग घड्याळाने एक तास मागे असतो. तिथे अजून मतदान चालू होतं! दहाच्या सुमाराला सगळ्यांनी शब्द मागे घेतला. मध्यरात्रीनंतर सव्वादोनला फॉक्स न्यूजने फ्लोरिडा जॉर्ज बुश यांच्या खात्यात टाकलं आणि पुढच्या काही मिनिटांत बाकीची चॅनेल्स मागोमाग धावली. फॉक्सच्या निकाल डेस्कचा प्रमुख कोण होता? बुश यांचा सख्खा आतेभाऊ! गोर यांनी बुशना फोन करून हार मान्य केली आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून ती मागेही घेतली. पहाटे चारच्या आसपास चॅनेल्सनी तोही निकाल रद्द केला.

पुढे फेरमोजणी, कोर्टबाजी आणि १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाचा पाच विरुद्ध चार असा निर्णय. बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले आणि त्या जोरावर अध्यक्ष झाले. देशभरात गोर यांना सुमारे ५ लाख ४० हजार मतं जास्त होती, तरीही.

या नाट्यात एक साइड स्टोरी आहे, डिझायनर मंडळींनी जरूर लक्षात ठेवावी अशी. पाम बीच काउंटीतल्या मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं दोन्ही पानांवर आणि भोकं पाडायची जागा मधोमध होती. गोर यांचं नाव डावीकडे वरून दुसरं, पण दुसरं भोक उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन यांचं! हजारो मतं भलतीकडे गेली, असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. यूआय चुकला तर काय होतं, याचं यापेक्षा महागडं उदाहरण सापडणं कठीण.

ताईचं मत आणि मित्राचं मत

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनजवळ राहते. आधी एच-वन-बी, मग ग्रीन कार्ड, मग पाच वर्षं थांबून नागरिकत्व. २०२० मध्ये तिने तिकडे पहिलं मत दिलं. कोविडमुळे त्या वर्षी न्यू जर्सीने यादीतल्या मतदारांना घरपोच मतपत्रिका पाठवल्या होत्या. मी उत्साहाने विचारलं, "ताई, कसं वाटलं गं?" तर म्हणते, "अगं, काही नाही गं! इथे कोण जिंकणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझं मत म्हणजे भरल्या बादलीत एक थेंब."

ताईचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. १९९२ पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत न्यू जर्सी डेमोक्रॅट्सकडेच गेलंय.

माझा कॉलेजमधला एक सीनियर अटलांटाच्या उपनगरात राहतो. तोही आता तिथला नागरिक. २०२० ची त्याची गोष्ट पूर्ण वेगळी. पत्रपेटी पत्रकांनी भरलेली, फोन थांबता थांबत नव्हता. "दाराची बेल वाजली की कुरिअर नसायचं गं, मत मागणारेच असायचे," तो सांगत होता. जॉर्जियात सुमारे ५० लाख मतं पडली आणि ज्यो बायडेन तिथे ११,७७९ मतांनी जिंकले. एखाद्या मोठ्या सोसायटी-कॉम्प्लेक्समधली माणसं होतील तेवढा हा फरक!

देश एक, निवडणूक एक, दोघंही आपली मराठी माणसं. मग एकाच्या मताला भाव आणि दुसरीच्या मताला नाही, असं का? कारण इलेक्टोरल कॉलेज. एकूण ५३८ इलेक्टर्स, जिंकायला हवेत २७०. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर बाकी सगळीकडे राज्यात एक मत जास्त मिळालं तरी त्या राज्याचे सगळे इलेक्टर्स खिशात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मतं जास्त होती. पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांच्या आसपास मतांनी त्या मागे पडल्या आणि खेळ खल्लास!

म्हणून प्रचाराचा पैसा, जाहिराती, सभा आणि कॅमेरे मोजक्याच राज्यांत फिरत राहतात. २०२४ मध्ये अशी सात राज्यं होती आणि सातही ट्रम्प यांना मिळाली. उरलेल्या राज्यांतला मतदार आपल्यासारखाच टीव्हीवर निवडणूक बघत असतो. बघता बघता त्याचा सोफा जास्त मऊ होत जातो.

हक्क मिळाला, पण केव्हा?

भारतात पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे १९५१-५२ मध्ये, प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत होतं. आपल्याला ते इतकं सहज मिळालं की त्याचं काही वाटत नाही. अमेरिकेत मात्र हा हक्क हप्त्याहप्त्याने मिळाला. सुरुवातीला मुख्यतः मालमत्ता असलेले गोरे पुरुष. १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशावरून मत नाकारायला बंदी केली. १९२० मध्ये एकोणिसाव्या दुरुस्तीने स्त्रियांना हक्क मिळाला. तिथल्या मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं.

आणि भारतीय? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते, त्याचाही उपयोग झाला नाही. आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचंही ते काढून घेण्यात आलं. दार उघडलं ते १९४६ च्या कायद्याने. त्यानंतर दहाच वर्षांत, १९५६ मध्ये, दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून आले. आणि २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले आपले मराठी श्री ठाणेदार मिशिगनमधून! ताईच्या किचन टेबलावरची ती मतपत्रिका अशी शंभर वर्षांची वाट चालून आली होती.

काळ्या अमेरिकनांना तर कागदावर हक्क मिळून ९५ वर्षं झाली, तरी दक्षिणेत मत देता येत नव्हतं. कधी मतदानासाठी कर, कधी 'साक्षरता चाचणी'. घटनेतलं कलम वाचून त्याचा अर्थ सांगा, म्हणायचं. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार समोर बसलेला गोरा क्लार्क. पास कोण होणार, हे सांगायला नको.

इथे मीडियाची एन्ट्री होते आणि ती जबरदस्त आहे. ७ मार्च १९६५, रविवार. अलाबामातल्या सेल्मा गावी मताच्या हक्कासाठी सुमारे ६०० माणसं शांतपणे मोर्चा काढून एडमंड पेटस पुलावर आली. पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. त्या रात्री एबीसी चॅनेलवर 'जजमेंट अॅट न्यूरेम्बर्ग' हा नाझींवरच्या खटल्याचा सिनेमा चालू होता. तो मध्येच थांबवून चॅनेलने सेल्माची दृश्यं दाखवली. सुमारे ४ कोटी ८० लाख लोक टीव्हीसमोर होते. नाझींचे अत्याचार बघता बघता त्यांना अचानक आपल्याच देशातले पोलीस दिसले! देश हादरला. त्याच वर्षी ६ ऑगस्टला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. मिसिसिपी राज्यात मतदार म्हणून नोंद असलेल्या काळ्या नागरिकांचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन वर्षांत ते ६० टक्क्यांजवळ गेलं.

मंगळवारची रांग

या कायद्यातला मुख्य फंडा असा होता, की भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलायचे तर आधी केंद्राची परवानगी घ्यावी लागेल. २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सुप्रीम कोर्टाने, पुन्हा पाच विरुद्ध चार, ती सक्ती निकामी केली. काळ बदललाय, जुनी आकडेवारी आता लागू होत नाही, हे बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालात मुद्दा मांडला, की भर पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यासारखं हे आहे.

टेक्सासने त्याच दिवशी आपला ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. त्यात बंदुकीचा परवाना ओळखपत्र म्हणून चालत होता, विद्यापीठाचं आयकार्ड चालत नव्हतं! २०२० मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी पोस्टाची मतपत्रिका हातोहात टाकण्याची पेटी प्रत्येक काउंटीत एकच ठेवायचा हुकूम काढला. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येतं, तिची लोकसंख्या ४७ लाख. पेटी एक! जॉर्जियाने २०२१ च्या कायद्यात केंद्राच्या १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदारांना खाऊ-पाणी वाटायला बंदी घातली.

या कायद्यांची बाजू घेणारे म्हणतात, की गैरप्रकार रोखायला आणि लोकांचा विश्वास टिकवायला हे लागतं. आणि गंमत म्हणजे ओळखपत्रांच्या कायद्यांचा २००८ ते २०१८ या काळातला एक मोठा अभ्यास सांगतो, की त्यांच्यामुळे एकूण मतदान लक्षात येण्याइतकं घटलं नाही. अर्थात सरासरीत ज्याचं मत गेलं तो माणूस दिसत नाही, हेही खरं.

रांगेचं मात्र मोजमाप झालंय. २०१६ च्या मतदानाच्या दिवशीचा स्मार्टफोनच्या लोकेशनचा डेटा संशोधकांनी तपासला. पूर्ण काळ्या वस्तीतल्या मतदाराला पूर्ण गोऱ्या वस्तीतल्या मतदारापेक्षा २९ टक्के जास्त वेळ थांबावं लागलं होतं. तासावर पगार घेणाऱ्याला अर्धा तास म्हणजे अर्ध्या तासाचे पैसे. त्यात मतदानाचा वार मंगळवार, आणि देशभर सुट्टी नाही. हा वार १८४५ मध्ये ठरला, शेतकऱ्यांच्या सोयीने. रविवारी चर्च, बुधवारी बाजार, मध्ये घोडागाडीने गावात यायला एक दिवस. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला!

तुरुंगाची गोष्ट आणखी वेगळी. मेन आणि व्हरमाँट या दोन राज्यांत कैदीसुद्धा मत देतात. फ्लोरिडात मात्र शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांनाही मत नव्हतं. २०१८ मध्ये तिथल्या जवळपास ६५ टक्के मतदारांनी सुमारे १४ लाख लोकांना तो हक्क परत देण्याच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली, की आधी कोर्टाचा सगळा दंड आणि फी भरा. आपल्याकडे उलट आहे. तुरुंगात असेपर्यंत मत नाही, बाहेर आलात की आहे.

मीडिया डोकं फिरवतो?

आता आपला आवडता प्रश्न. टीव्ही आणि सोशल मीडिया लोकांची मतं बदलतात का?

मास कॉमच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात भेटतात पॉल लाझर्सफेल्ड. १९४० मध्ये त्यांच्या टीमने ओहायोतल्या एरी काउंटीत मतदारांना महिनोन् महिने पुन्हा पुन्हा गाठून प्रश्न विचारले. रेडिओ आणि पेपर लोकांना इकडून तिकडे खेचतील, अशी अटकळ होती. निघालं भलतंच! पक्ष बदलणारे फार थोडे. बहुतेकांनी आपल्याला पटणारंच ऐकलं आणि ते आणखी पक्कं झाले. माध्यमांपेक्षा घरचे, मित्र, शेजारी यांचं वजन जास्त होतं.

मग १९६८ मध्ये मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपेल हिल गावात १०० मतदारांना विचारलं, देशापुढचे मोठे प्रश्न कोणते? उत्तरं आणि बातम्यांतला क्रम जवळपास सारखा निघाला. म्हणजे कुणाला मत द्या हे मीडियाला फारसं सांगता येत नाही, पण कशावर विचार करा हे तो बरोबर ठरवतो. कांद्यावर की क्रिकेटवर, एवढं ठरवलं तरी अर्धं काम होतं!

आणि कधी कधी थोडासा धक्काही पुरतो. फॉक्स न्यूज १९९६ मध्ये सुरू झालं आणि केबलवाल्यांमार्फत हळूहळू गावोगाव पोहोचलं. ज्या गावांत ते आलं आणि ज्या गावांत नाही, त्यांची तुलना दोन अर्थतज्ज्ञांनी केली. २००० मध्ये फॉक्सच्या गावांत रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के जास्त वाढलेली दिसली. किरकोळ वाटतं? फ्लोरिडाचा ५३७ चा आकडा आठवा.

पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात ते सोफ्यावरून उठवण्याचे प्रयोग. २००६ मध्ये मिशिगनमधल्या एका प्राथमिक निवडणुकीआधी संशोधकांनी हजारो घरांना पत्रं पाठवली. त्यात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही, ते छापलेलं! (कुणाला मत दिलं हे गुप्त असतं, दिलं की नाही, ही तिथे सार्वजनिक नोंद असते.) पत्र न मिळालेल्यांमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, हे पत्र मिळालेल्यांमध्ये ते आठ टक्क्यांनी वाढलं. २०१० मध्ये फेसबुकने ६ कोटींहून जास्त अमेरिकनांवर असाच प्रयोग केला. मत दिलेल्या मित्रांचे चेहरे दाखवल्यावर एकूण ३ लाख ४० हजार जादा मतं पडली, असा अंदाज निघाला. लोक काय म्हणतील, हे हुकमी अस्त्र फक्त आपल्याच आयांकडे नाही म्हणायचं!

चॅनेललाही भीती वाटते

मीडिया प्रेक्षकाला नाचवतो, असं आपण समजतो. २०२० मध्ये उलटं दिसलं. आपल्या घड्याळात बुधवारी सकाळी दहाला दहा कमी असताना फॉक्सने अॅरिझोना बायडेन यांना दिलं. अंदाज बरोबर निघाला, पण प्रेक्षक खवळले आणि दुसऱ्या चॅनेल्सकडे वळू लागले. पुढच्या आठवड्यांत फॉक्सवर मतदान यंत्रांमध्ये गडबड झाल्याचे आरोप चालले. यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीने दावा ठोकला. कोर्टात चॅनेलच्या बड्या अँकर्सचे खासगी मेसेज बाहेर आले, तेव्हा कळलं की त्या आरोपांवर त्यांचाच विश्वास नव्हता! एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर्स मोजून दावा मिटवला. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून दुकानदाराने खोटा माल विकला आणि पावती फाडली गेली ती निवडणुकीवरच्या विश्वासाच्या नावावर.

२०२४ पर्यंत खेळ पॉडकास्टवर गेला. ट्रम्प जो रोगनसमोर जवळजवळ तीन तास बसले, हॅरिस 'कॉल हर डॅडी'वर गेल्या. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने यंदा कुणालाच पाठिंबा देणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा लाखो वाचकांनी वर्गणी बंद केली. वाचक रागावले खरे, पण अग्रलेखाने निकाल फिरायचा काळ कधीच मागे पडला होता.

आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कचं महापौरपद! झोहरान ममदानी यांनी पसंतिक्रमाचं मतदान हिंदीतून, लस्सीचे ग्लास मांडून समजावलेला व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आला असेल. रील्स भारी होत्याच. पण रील बघितलेल्याच्या दारावर जाऊन बेल वाजवणारे हजारो स्वयंसेवकही होते. त्या निवडणुकीत २० लाखांहून जास्त मतं पडली. १९६९ नंतर पहिल्यांदाच. लाझर्सफेल्ड साहेब असते तर गालात हसले असते. स्क्रीनने ओळख करून दिली आणि माणसाने माणसाला उठवलं.

एका घरातलं एक मत

हे सगळं आकड्यांत छान वाटतं. ते माणसात कसं दिसतं, हे मला ह्यूस्टनमधल्या एका पुणेकर कुटुंबाने दाखवलं. नवरा-बायको २००५ मध्ये दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर गेले होते. मुलगी २००६ मध्ये तिथे जन्मली, म्हणजे जन्मतःच अमेरिकन. सगळे परत आले आणि २०१३ मध्ये पुन्हा गेले. ग्रीन कार्डचा अर्ज २०१४ चा. तो अजून रांगेतच आहे. टॅक्स दर वर्षी भरतात, घराचा हप्ता भरतात. मत मात्र नाही.

२०२४ मध्ये मुलगी अठरा वर्षांची झाली. टेक्सासमध्ये नव्या मतदाराला साधारणपणे नोंदणीचा अर्ज कागदावरच द्यावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य घालवलेल्या बाबाने फॉर्मचा प्रिंट काढला आणि स्वतः पोस्टात टाकून आला. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर जोरदार वाद झाले. आई-बाबांची मतं वेगळी, मुलीचं तिसरंच. मतदानाला दोघं तिला गाडीने घेऊन गेले आणि पार्किंगमध्ये थांबले. आत जाऊन तिने काय केलं, ते तिने सांगितलं नाही.

"तुम्ही विचारलं नाही?" मी काकूंना फोनवर विचारलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "आम्ही एवढंच विचारलं, रांग मोठी होती का? तर म्हणाली, होती, पण मी थांबले."

चौकट

ऑनसाइट जाताय? एवढं लक्षात ठेवा

• एच-वन-बी काय किंवा ग्रीन कार्ड काय, अध्यक्ष आणि काँग्रेसच्या निवडणुकीत मत देता येत नाही. त्यासाठी नागरिकत्वच हवं.

• ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीबद्दल विचारतात. १९९३ च्या कायद्याने सुरू झालेली ही सोय नागरिकांसाठी आहे. घाईत 'हो'वर खूण केली, तर पुढे व्हिसा आणि नागरिकत्वाचं प्रकरण महागात पडू शकतं. फॉर्म नीट वाचा!

• एच-वन-बीवर असताना उमेदवाराला देणगी देणं बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ती देता येते.

• बिनपगारी स्वयंसेवक म्हणून प्रचारात मदत करायला मात्र हरकत नाही. म्हणजे मत नसलं, तरी दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवता येते.

• मेरिलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही मोजक्या गावांत स्थानिक निवडणुकीत बिगर-नागरिकांनाही मत आहे. तिथे घर घेणार असाल, तर चौकशी करा.